जर्मनीचा कस्टमर रोहसची फाईल मागतोय, इकडे सीए ईपीआर विचारतोय, नक्की काय काय करायचं?

सोल्डरस्टेशन_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, सोल्डरिंग स्टेशन बनवतो. ट्रान्सफॉर्मर आम्हीच वाइंड करतो, पीसीबी बाहेरून येतो, स्टँड आणि बॉक्सचं पत्र्याचं काम शेजारी, प्लेटिंग जॉबवर्कवर आणि असेंब्ली आतच. भारतात स्वतःच्या ब्रँडने विकतो आणि आता जर्मनीतला एक डिस्ट्रिब्युटर त्याचं नाव टाकून माल घ्यायला लागलाय. पहिला लॉट गोडीत गेला, दुसऱ्या लॉटच्या आधी त्याचा मेल आला की रोहसची (इलेक्ट्रॉनिक मालात घातक पदार्थ किती चालतात त्याचा युरोपचा कायदा) टेक्निकल फाईल पाठवा, रीचचं (केमिकल्सचा त्यांचा दुसरा कायदा) डिक्लरेशन पाठवा आणि लेबलवर तो फुली मारलेल्या डस्टबिनचा शिक्का हवा.

एका लॅबला विचारलं तर ते म्हणाले अख्खं स्टेशन उघडून प्रत्येक मटेरियल वेगळं टेस्ट करावं लागेल, कोटेशन बघून वाटलं की लॉटचा नफा यांनाच द्यावा आणि आपण घरी बसावं. दुसरीकडे एक कन्सल्टंट भेटला तो म्हणे एक पीस द्या, चार दिवसात रोहस सर्टिफिकेट हातात. आता यातलं खरं काय? माझं साधं गणित असं की स्टेशन दोन किलोचं, त्यात शिसं असून असून किती, ग्रॅम दीड ग्रॅम, म्हणजे रोहसच्या ०.१% मर्यादेच्या आतच बसतंय की. मग एवढं कशाला?

वर सीएने विचारलं की टर्नओव्हर १० कोटीच्या वर गेलाय तर सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) ईपीआर रजिस्ट्रेशन, म्हणजे विकलेल्या मालाच्या ई-कचऱ्याची जबाबदारी घेण्याचं, केलंय का. मला वाटायचं ते मोबाईल टीव्हीवाल्यांना असतं. कोणी यातून गेलं असेल तर जरा नीट सांगा, गुगलवर सगळे कन्सल्टंटचेच ब्लॉग आहेत, वाचून झालं की शेवटी फोन नंबर.

क्यूए_काका_चाकण

पहिलं ते गणित डोक्यातून काढा. ०.१% हा पूर्ण पीसच्या वजनावर नसतो, प्रत्येक एकजिनसी मटेरियलवर असतो. म्हणजे जे मटेरियल स्क्रू काढून, कापून, घासून, दळून आणखी वेगळं करता येत नाही ते एक. तुमच्या मेन कॉर्डमधलं तांबं वेगळं, आतल्या वायरचं इन्सुलेशन वेगळं, बाहेरचं काळं पीव्हीसी वेगळं, प्लगच्या पिनवरचं प्लेटिंग पण वेगळं. सोल्डरचा एक जॉइंट हे एक मटेरियल. ६०/४० कथिल-शिशाच्या सोल्डरने मारलेला एक जॉइंट असला की त्यात शिसं ४०% झालं, ०.१ कुठे आणि ४० कुठे, स्टेशन दोन किलोचं असो नाहीतर दोनशे किलोचं.

युरोपच्या यादीत आता दहा पदार्थ आहेत. शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पीबीबी आणि पीबीडीई हे दोन फ्लेम रिटार्डंट, हे सहा २००६ च्या १ जुलैपासून चालू आहेत, आणि डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी हे चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी केमिकल्स) २२ जुलै २०१९ पासून आले. कॅडमियमला ०.०१%, बाकी सगळ्यांना ०.१%.

आता लॅबवाला आणि कन्सल्टंट, दोघांचं ऐकू नका. कायद्यात कुठेही असं नाहीये की प्रत्येक पार्ट टेस्ट करा. फाईल कशी बनवायची त्याचं स्टँडर्ड आहे, ईएन आयईसी ६३०००, त्याचा गाभा एवढाच की तुमच्या बीओएममधल्या (पार्टच्या यादीतल्या) प्रत्येक पार्टला विचारा यात यादीतला पदार्थ असण्याची शक्यता किती आणि हा सप्लायर किती भरवशाचा, आणि त्याप्रमाणे कागद गोळा करा. नामांकित कंपनीचा रेझिस्टर असेल तर त्यांच्या साईटवरचं डिक्लरेशन पुरतं, पार्ट नंबर जुळला पाहिजे फक्त. लोकल मार्केटमधून किलोवर आणलेली पीव्हीसी वायर असेल तर कितीही गोड कागद असला तरी टेस्ट करा. असं केलं की टेस्टला जाणारे पार्ट मूठभर उरतात.

आणि अख्ख्या पीसचं "रोहस सर्टिफिकेट" चार दिवसात देणारा माणूस त्या एका पीसबद्दल सांगतोय, पुढच्या महिन्यात तुमच्या स्टोअरला कुठला लॉट येणार हे त्याला काय माहिती. युरोपात सर्टिफिकेट चालत नाही, मॅन्युफॅक्चररने स्वतः सही केलेलं डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी चालतं आणि त्याच्या मागे फाईल असावी लागते, शेवटचा पीस बाजारात गेल्यापासून १० वर्षं सांभाळून.

स्टेशन डोळ्यासमोर आणून बघतो तर मला धोका दिसतो तो असा. एक, पीव्हीसी मेन कॉर्ड आणि रबरी पाय, त्यात थॅलेट. हँडलची केबल सिलिकॉनची असेल तर तिथे चिंता कमी. दोन, स्टँडचे स्क्रू आणि पत्रा, प्लेटिंगवर पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा थर) असेल तर हेक्साव्हॅलंट क्रोम. प्लेटिंगवाला म्हणेल आम्ही ट्रायव्हॅलंटच (क्रोमचा यादीत नसलेला प्रकार) करतो, आणि हल्ली ट्रायव्हॅलंट पण पिवळं मिळतं त्यामुळे रंगावरून काही कळत नाही, त्याच्या बाथच्या केमिकलचं बिल मागा. तीन, पीसीबीचं फिनिश. बोर्डवाल्याला नुसतं एचएएसएल (बोर्डच्या तांब्यावर सोल्डरचा थर) म्हटलं की काही जण सरळ शिशाचं करून देतात, पीओवर (परचेस ऑर्डरवर) लेड फ्री एचएएसएल असं लिहा. चार, पितळेचे नट आणि बुश, मशिनिंगच्या पितळेत शिसं असतंच पण तांब्याच्या अलॉयला ४% पर्यंत एक्झम्प्शन आहे, ६सी म्हणतात त्याला. सिरॅमिक हीटर असेल तर काचेतल्या आणि सिरॅमिकमधल्या शिशाला ७सी-१ आहे. फक्त या एक्झम्प्शनना मुदती असतात आणि शब्द पण बदलत राहतात, त्यामुळे फाईलमध्ये नंबर टाकताना चालू यादी काढून बघा, पाच वर्षांपूर्वीची पीडीएफ कॉपी करू नका.

तुम्हाला जास्त वाटत असेल तर २००१ ची गोष्ट सांगतो. ऐन नाताळच्या सीझनला नेदरलँड्सने सोनीच्या पीएस वन गेमचे सुमारे १३ लाख बॉक्स अडवले होते, कशावरून तर कंट्रोलरच्या केबलमध्ये कॅडमियम. तेव्हा रोहस आलं पण नव्हतं, डच लोकांचा स्वतःचा कॅडमियमचा नियम होता. त्यानंतर सोनीने सप्लायर तपासायची अख्खी सिस्टीम उभी केली. एवढी मोठी कंपनी आणि अडकली कशात, तर वायरमध्ये.

मिसळ_विदाउट_पाव

एक्सआरएफ गन (मालावर धरली की त्यात कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारं यंत्र) भाड्याने मिळते की हो. एक दिवस आणा, स्टोअरमधल्या सगळ्या मालावर टकाटक मारा, विषय संपला. आमच्या शेजारच्या कंपनीने तसंच केलं.

क्यूए_काका_चाकण

गन कामाची आहे पण विषय संपत नाही. शिसं, कॅडमियम, पारा ती छान पकडते. क्रोमियम किती ते सांगते पण ते हेक्साव्हॅलंट आहे का हे नाही सांगत, त्यासाठी पार्ट पाण्यात उकळून ते केमिकल टाकून जांभळट रंग येतो का बघायची टेस्ट असते. पीबीबी-पीबीडीईतल्या ब्रोमिनचं पण तेच. तुमच्या ग्रीन पीसीबीवर गन धरली की ब्रोमिन धडाधड दिसणार आणि पोरगं पळत येणार की साहेब फेल झालं, पण एफआर४ बोर्डमध्ये टीबीबीपीए नावाचा ब्रोमिनवाला फ्लेम रिटार्डंट असतो, तो या यादीत नाही. आणि थॅलेट तर गनला दिसतच नाहीत, ते ऑरगॅनिक आहेत, त्याला लॅबची जीसी-एमएस टेस्ट लागते. म्हणून पीव्हीसी कॉर्ड लॅबला आणि धातूचा माल गनला, अशी वाटणी करा. हैदराबादला सी-मेटची रोहस लॅब आहे, सरकारी, खाजगी तर पुण्यातच भरपूर.

वेव्हलाईन_अंबड

काकांनी कागदाचं छान सांगितलं, मी फ्लोअरचं सांगतो कारण फेल तिथे होतं. आमच्याकडे लेडेड (शिशाचं) आणि लेड फ्री दोन्ही चालतं, ईएमएस आहोत, म्हणजे दुसऱ्यांचे बोर्ड असेंबल करून देतो.

तुम्ही वेव्ह सोल्डरिंग (वितळलेल्या सोल्डरच्या पॉटवरून बोर्ड नेणं) वापरत असाल तर पॉट वेगळाच पाहिजे. जुना पॉट रिकामा करून त्यात लेड फ्री बार टाकला की झालं असं होत नाही, भिंतीला, पंपाला, नोझलला शिसं चिकटलेलं असतं आणि ०.१% म्हणजे शंभर किलोच्या पॉटमध्ये शंभर ग्रॅम फक्त. शिवाय कथिल जास्त असलेलं सोल्डर साध्या जुन्या स्टीलच्या पॉटला हळूहळू खातं. सॅक३०५ (कथिल-चांदी-तांब्याचं लेड फ्री सोल्डर) चांगलं पण त्यात ३% चांदी, भाव बघून छातीत धडधडतं, वेव्हला बरेच जण कथिल-तांब्याचं ९९.३/०.७ वापरतात, ते २२७ डिग्रीला वितळतं, ६३/३७ चं १८३ ला व्हायचं, म्हणजे तुमचे कनेक्टर आणि बोर्ड तेवढं सहन करतात का ते आधी बघा.

दुसरं, रीवर्क टेबल. लाईन पूर्ण लेड फ्री असते, आणि कोपऱ्यात एक ताई बसलेल्या असतात त्यांच्या ड्रॉवरमध्ये ६०/४० ची रीळ असते कारण ती छान वाहते आणि जॉइंट चकचकीत येतो. लेड फ्री जॉइंट जरा मळकट दिसतो, इन्स्पेक्टरला तो ड्राय वाटतो, तो टचअपला पाठवतो आणि टचअपला ६०/४० लागतं. म्हणजे चांगला जॉइंट आपणच बिघडवला. आम्ही रीळ, आयर्न, डीसोल्डर पंप, स्पंज सगळ्याला हिरवी टेप लावली आणि लेडेडची सगळी रिळं कुलपात टाकली, तरी महिन्यातून एकदा ड्रॉवर उघडून बघतो.

आता तुमचं खास. तुम्ही सोल्डरिंग स्टेशन बनवता ना, मग आयर्नच्या बिटच्या टोकाला टिनिंग करून, म्हणजे सोल्डरचा थर चढवून देता का? ते टिनिंग कशाने करता? आणि फायनल टेस्टला टेम्परेचर आलं का बघायला ऑपरेटर बिटवर वायर वितळवून बघतो, ती वायर कुठली? बिटच्या टोकावरचा तो थर पण एक मटेरियल धरला जातो. लॅबवाला सगळ्यात आधी तिथेच गन धरेल असं मला वाटतं.

सोल्डरस्टेशन_भोसरी

आईशप्पथ. फायनल टेस्टला ६०/४० च आहे, वर्षानुवर्षं तीच रीळ. बिट बाहेरून येतात, त्याच्यावरचं टिनिंग कशाचं ते विचारलंच नाही कधी. उद्या सकाळी पहिलं काम ते.

एक विचार असा येतोय की जर्मनीचा लॉट लेड फ्री करायचा आणि भारताचा माल आहे तसा चालू ठेवायचा, म्हणजे खर्च अर्धा. चालेल ना?

फाईलवाली_ठाणे

नाही चालणार, निदान तुम्ही मायक्रो (सगळ्यात छोट्या उद्योगांचा सरकारी गट) नसाल तर. हा गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून सविस्तर लिहिते, मी हेच काम करते दिवसभर.

भारतात २०२२ चे ई-वेस्टचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यातच हॅझार्डस पदार्थांचं कलम आहे, युरोपच्या पहिल्या सहा पदार्थांचं, त्याच मर्यादा. चार थॅलेट आपल्याकडे त्यात नाहीत, एवढाच फरक समजा. आधी २०१६ च्या नियमात यादी २१ वस्तूंची होती, आता शेड्यूल एक मध्ये १०६ आहेत, त्यात टूल्सची कॅटेगरी आहे आणि वेल्डिंग, सोल्डरिंगची अवजारं तिथे येतात. म्हणजे मोबाईल टीव्हीवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये या पदार्थांबद्दलची माहिती छापायची असते, आणि सीपीसीबी बाजारातून सँपल उचलून तपासू शकतं.

आता तुम्हाला लागू आहे का ते बघू. मायक्रो एंटरप्रायझेसना हे नियम लागू नाहीत, तसं नियमातच लिहिलंय. १ एप्रिल २०२५ पासून मायक्रोची व्याख्या बदलली, प्लँट मशिनरीत गुंतवणूक अडीच कोटीपर्यंत आणि टर्नओव्हर १० कोटीपर्यंत, दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. पण टर्नओव्हर मोजताना एक्सपोर्ट वगळतात! तुमचा १० च्या वरचा आकडा एक्सपोर्ट धरून आहे का? तसं असेल आणि देशातला १० च्या आत असेल तर उद्यम नोंदणीवर तुम्ही अजून मायक्रोच असू शकता. सीएला आधी हे विचारा, मग बाकीचं. पण त्यावर निवांत होऊ नका, वर्ष दोन वर्षात ओलांडणारच असाल तर तयारी आत्ताच स्वस्त पडते.

ओलांडलं तर तुम्ही दोन टोप्या घालता. स्वतःच्या ब्रँडने विकता म्हणून प्रोड्युसर, आणि कारखाना आहे म्हणून मॅन्युफॅक्चरर. समजा उद्या मुंबईचा एखादा ट्रेडर त्याच्या नावाने तुमच्याकडून माल बनवून घेऊ लागला तर त्या मालाचा प्रोड्युसर तो, तुम्ही नाही. एग्रीमेंटमध्ये हे लिहून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी तो म्हणतो मला वाटलं तुम्ही करताय.

प्रोड्युसरला टार्गेट असतं. प्रॉडक्टचं सरासरी आयुष्य सीपीसीबीने ठरवलेलं असतं, तेवढी वर्षं मागे जायचं आणि त्या वर्षी किती वजनाचा माल देशात विकला ते बघायचं. त्याच्या ठरावीक टक्के माल रिसायकल झाला असं दाखवायचं, २०२३-२४ आणि २४-२५ ला ६०%, पुढची दोन वर्षं ७०%, २०२७-२८ पासून ८०%. उदाहरणादाखल आयुष्य १० वर्षं धरा (तुमच्या वस्तूच्या कोडचं खरं किती ते सीपीसीबीच्या पोर्टलवर बघा), आणि २०१५-१६ ला ५ टन विकला असेल तर २०२५-२६ चं टार्गेट साडेतीन टन. ज्यांचा धंदाच प्रॉडक्टच्या आयुष्यापेक्षा नवा आहे त्यांना वेगळं शेड्यूल आहे. एक्सपोर्ट केलेला माल यात येत नाही, तो देशात विकलाच नाही.

आणि तुम्ही स्वतः गावोगाव जाऊन जुनी स्टेशनं गोळा करत बसायची गरज नाही. रजिस्टर्ड रिसायकलर माल तोडतो, त्यातून सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम काढतो, त्यावर पोर्टल सर्टिफिकेट तयार करतं आणि तुम्ही ते विकत घ्यायचं. तुमच्या स्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं, तेच जास्त लागणार, सोनं नावाला. सर्टिफिकेटचा भाव आधी बाजारावर होता, मग सीपीसीबीने खालची आणि वरची मर्यादा घातली, त्यावरून काही मोठ्या कंपन्या २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेल्या. रिटर्न तिमाही आणि वार्षिक दोन्ही असतात, तिमाही संपल्यावर पुढच्या महिनाअखेरपर्यंत.

आणखी एक, स्टेशनबरोबर बॅटरीवालं कॉर्डलेस मॉडेल विकत असाल तर त्या बॅटरीचं रजिस्ट्रेशन वेगळं, पॅकिंगच्या प्लास्टिकचं लागू होत असेल तर ते वेगळं. तीन पोर्टल, तीन पासवर्ड, चौथा तो पासवर्ड लिहिलेला कागद शोधायला माणूस 😅

कागदी_घोडा

माफ करा पण मला हे सगळं नाटक वाटतं. सर्टिफिकेट विकत घ्यायचं आणि हिरवे झालो म्हणायचं. खरा माल तर आजही भंगारवाल्याकडेच जातो. दिल्लीत सीलमपूरला, मुरादाबादला जाऊन बघा बोर्ड कसे जाळतात, ॲसिडमध्ये कसे घालतात. इकडे कुदळवाडीतली गोदामं पाडली २०२५ ला, भंगार काय हवेत विरलं का, दुसरीकडे गेलं.

फाईलवाली_ठाणे

तुमचा राग खोटा नाही. रिसायकलरने आकडे फुगवले तर खोटं सर्टिफिकेट निघू शकतं, म्हणून तर किमान भाव ठेवला, फार स्वस्तात कोणी विकत असेल तर त्याने खरंच काही तोडलंय का हा प्रश्नच आहे. पण यांच्यापुरतं बघा, भोसरीवाले साहेब, तुमच्या कारखान्यातला रिजेक्ट बोर्ड आणि जळके ट्रान्सफॉर्मर कुठे जातात? ते तरी तुमच्या हातात आहे. मॅन्युफॅक्चरर म्हणून तुमच्याकडे तयार झालेला ई-वेस्ट रजिस्टर्ड माणसालाच द्यायचाय, पावती ठेवून.

वेव्हलाईन_अंबड

ड्रॉस पण धरा त्यात. सोल्डर पॉटवरची मळी. तो विकला जातो, भाव पण चांगला येतो त्यामुळे वजन करून रोख देणारे गेटवर उभे असतात. शिशाचा ड्रॉस हॅझार्डस वेस्टमध्ये येतो, एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) ऑथरायझेशनमध्ये त्याची नोंद पाहिजे आणि घेणारा ऑथराइज्ड पाहिजे. लेडेड आणि लेड फ्री ड्रॉसचे डबे वेगळे ठेवा, एकत्र केलेत तर लेड फ्रीच्या कथलाचा भाव पण हातचा जातो. मालकांना बाकी कशाने नाही पटलं तरी हे लगेच पटतं.

म्युनिककर

जर्मनीच्या बाजूने लिहितो, इथे खरेदी विभागात आहे. तुमचा डिस्ट्रिब्युटर फाईल का मागतोय ते लक्षात घ्या. माल त्याच्या नावाने जातोय, म्हणजे रोहसच्या कायद्यात मॅन्युफॅक्चरर तोच धरला जातो. उद्या मार्केट सर्व्हेलन्सवाल्यांनी नोटीस दिली तर उत्तर त्याला द्यायचंय आणि माहिती तुमच्याकडे आहे. त्यामुळे मेलचा सूर कडक वाटला तरी तो घाबरलेला माणूस आहे असं समजा आणि बीओएमची वाटाघाटी तुमच्या बाजूने करा. पूर्ण बीओएम सप्लायरच्या नावासकट देऊ नका, मटेरियल डिक्लरेशन आणि टेस्ट रिपोर्ट द्या, सप्लायर झाकून.

वेस्टचं म्हणाल तर इथे इलेक्ट्रोगे म्हणून कायदा आहे, श्टिफ्टुंग इएआर कडे नोंदणी करून डीई ने सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. तो त्याने घ्यायचा, तुम्ही नाही, कारण जर्मनीत माल आणून स्वतःच्या नावाने तो विकतोय. तुम्ही उद्या ॲमेझॉन जर्मनीवर स्वतः थेट विकायला लागलात तर मात्र नंबर तुम्हाला लागेल, आणि तुमचं इथे ऑफिस नाही म्हणून इथला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागेल. जुलै २०२३ पासून नंबर नसेल तर मार्केटप्लेस लिस्टिंगच करू देत नाही. सोल्डरिंग स्टेशन हौशी माणूस घरी पण वापरतो, म्हणजे ते घरगुती मालात धरलं जाण्याची शक्यता जास्त, आणि त्याला गॅरंटीचा वेगळा खर्च असतो. आत्ता ते डोकं त्याला लावू द्या.

डस्टबिनच्या चिन्हाखाली एक जाड आडवी पट्टी असते ती विसरू नका, बरेच जण नुसतं डस्टबिन छापतात. त्या पट्टीचा अर्थ माल १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आला. स्टिकर पुसला जाईल असा नको, रेटिंग प्लेटवरच घ्या.

रीच वेगळं आहे, इथे बरेच जण गोंधळतात. रोहसमध्ये पितळेतल्या शिशाला सूट आहे, पण शिसं जून २०१८ पासून रीचच्या कँडिडेट लिस्टवर (अतिधोकादायक पदार्थांची, म्हणजे एसव्हीएचसीची यादी) आहे. त्यामुळे तुमच्या पितळी नटमध्ये ०.१% च्या वर शिसं असेल तर बंदी नाही पण सांगावं लागतं, आणि २०२१ पासून इथल्या इंपोर्टरला ते स्किप नावाच्या डेटाबेसमध्ये भरावं लागतं. म्हणून "रीच कम्प्लायंट, नो एसव्हीएचसी" असं एका ओळीचं पत्र लिहून पाठवू नका, नट बघून कोणीही पकडेल. "नटमध्ये शिसं आहे, ६सी खाली" असं सरळ लिहा, इथे त्याचं कौतुकच होतं.

सोल्डरस्टेशन_भोसरी

सगळ्यांचे खूप आभार, इतकं पैसे देऊन पण कोणी सांगितलं नसतं. अपडेट देतो. सीएला एक्सपोर्ट वगळून आकडा काढायला लावलाय. बिटच्या सप्लायरला विचारलं, त्याने फोनवर "हो हो लेड फ्रीच" म्हटलं, लेखी मागितलं तर दोन दिवस गायब आणि मग म्हणतो जुना लॉट मिक्स असू शकतो. टेस्ट टेबलवरची ६०/४० ची रीळ काढली. कॉर्डचे दोन सँपल लॅबला पाठवतोय थॅलेटसाठी, प्लेटिंगवाल्याकडे बाथचं बिल मागितलं तर तो रुसला, पण देतो म्हणालाय.

प्रश्न एकच उरला. स्टोअरमध्ये बिटचा बराच जुना स्टॉक पडलाय, त्याचं काय करू? लेड फ्री वायरने परत टिनिंग करून पुसून घेतलं तर चालेल का?

वेव्हलाईन_अंबड

नाही. पुसून शिसं पूर्ण जात नाही, चार वेळा केलंत तरी ०.१ च्या खाली आलं का हे गन लावल्याशिवाय कळणार नाही, आणि एक पास झाला म्हणून पेटीतला दुसरा पास होईल असं नाही. जर्मनीच्या बॉक्समध्ये नवीन लॉटच घाला, स्पेअर बिट पाठवत असाल तर ते पण नवीन. जुना स्टॉक लाल टेप लावून वेगळ्या रॅकवर, चावी स्टोअरकीपरकडे नको, तुमच्याकडे ठेवा. स्वतःच्या टूलरूमला, लेडेड रिपेअरच्या कामाला वापरून संपवा. आणि सप्लायरच्या पुढच्या पीओवर लिहा की प्रत्येक लॉटबरोबर डिक्लरेशन नसेल तर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होणार नाही, मग बघा कागद किती लवकर येतो.

क्यूए_काका_चाकण

+१. आणि तो "मिक्स असू शकतो" वाला मेसेज डिलीट करू नका, फाईलमध्ये तारखेसकट लावा. कशामुळे सप्लायरला हाय रिस्कमध्ये टाकला हे उद्या ऑडिटरने विचारलं तर दाखवायला लागेल.